२०१६ ची अमेरिकी निवडणूक आणि मतदान यंत्रणेवरील रशियन सायबर हल्ले

८ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेने, म्हणजेच जीआरयूने, अमेरिकेतील राज्यांच्या व काउंट्यांच्या निवडणूक यंत्रणांमध्ये शिरकाव करण्याचे प्रयत्न केले. मतदार नोंदणीचे डेटाबेस, निवडणूक कार्यालयांची संकेतस्थळे, स्थानिक अधिकाऱ्यांचे ईमेल आणि मतदार याद्यांचे सॉफ्टवेअर पुरवणारी एक खासगी कंपनी ही या हल्ल्यांची लक्ष्ये होती. त्यानंतर झालेल्या एकाही अधिकृत चौकशीत मते बदलली गेल्याचा पुरावा आढळला नाही. मात्र त्या वेळी देशातील बऱ्याच भागांत मते कागदाविना केवळ यंत्राच्या स्मृतीत नोंदवली जात होती. मते बदललेली नाहीत हे मतदाराला दाखवून देण्याचे साधनच तेथे उपलब्ध नव्हते. त्यामुळे प्रत्यक्ष हानीपेक्षा शंकेचे आयुष्य अधिक ठरले आणि अमेरिकेतील मतदान पद्धतीत पुढील काही वर्षांत मोठे बदल करावे लागले.

त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातील ईमेल चोरून प्रसिद्ध करण्यात आले आणि समाजमाध्यमांवर बनावट खात्यांमार्फत प्रचारमोहीमही राबवण्यात आली. या घटना त्याच हस्तक्षेपाचा भाग मानल्या जातात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र प्रत्यक्ष निवडणूक यंत्रणेवरील हल्ल्यांपुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

भारताप्रमाणे संपूर्ण देशाची निवडणूक घेणारा एकच निवडणूक आयोग अमेरिकेत नाही. निवडणुका राज्ये घेतात आणि प्रत्यक्ष कामकाज बहुतेक ठिकाणी काउंटी किंवा नगरपालिका पातळीवर चालते. मतदान यंत्रे कोणती घ्यावीत, मतपत्रिका कशी असावी, याद्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवाव्यात हे निर्णय हजारो स्थानिक कार्यालये घेत असतात. ही विखुरलेली रचना अमेरिकी निवडणुकीचे संरक्षककवच असल्याचे अनेकदा सांगितले जाते, कारण संपूर्ण देशाचा निकाल एकाच ठिकाणाहून बदलणे शक्य होत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की परकीय लष्करी गुप्तचर संस्थेशी सामना करण्याची वेळ एखाद्या लहान काउंटीतील मोजक्या कर्मचाऱ्यांवर येऊ शकते.

२००० सालच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात छिद्र पाडण्याच्या मतपत्रिकांवरून मोठा वाद झाला होता. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने 'हेल्प अमेरिका व्होट' कायदा संमत करून नव्या यंत्रांसाठी राज्यांना निधी दिला. अनेक राज्यांनी त्यातून स्पर्शपडद्याची यंत्रे खरेदी केली. यांतील बऱ्याच यंत्रांत मताची कागदी नोंद होत नसे. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अशा एका प्रचलित यंत्राच्या मेमरी कार्डमधून विषाणू सॉफ्टवेअर शिरू शकते, मते बदलू शकते आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पसरू शकते हे प्रयोगाने दाखवले. यंत्र इंटरनेटला जोडलेले नसले तरी उमेदवारांची नावे व मतपत्रिकेचा आराखडा त्यात भरण्यासाठी कार्यालयातील दुसऱ्या संगणकाची गरज असते. धोका त्या वाटेने येऊ शकतो. २०१६ मध्ये डेलावेअर, जॉर्जिया, लुईझियाना, न्यू जर्सी आणि साउथ कॅरोलिना ही पाच राज्ये पूर्णपणे कागदविरहित यंत्रांवर अवलंबून होती. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतांश काउंट्यांतही हीच स्थिती होती.

युक्रेनमधील पूर्वानुभव

निवडणूक यंत्रणेवरील हल्ल्याचा उद्देश निकाल बदलणे हाच असतो असे नाही, हे २०१४ मध्ये युक्रेनमध्ये दिसून आले होते. २५ मे २०१४ रोजी तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. मतदानाच्या काही दिवस आधी केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संगणक जाळ्यावर हल्ला झाला व त्याची जबाबदारी 'सायबरबेर्कुत' या रशियासमर्थक गटाने घेतली. यंत्रणा राखीव प्रतींवरून पुन्हा उभी करण्यात आली. मतदानाच्या रात्री, निकाल जाहीर होण्यास तासभरही उरला नसताना, आयोगाच्या संगणकांत दडवलेले आणखी एक सॉफ्टवेअर सापडले. आयोगाच्या संकेतस्थळावर अतिउजवे उमेदवार दिमित्रो यारोश ३७ टक्के मते मिळवून विजयी झाल्याचे चित्र दाखवण्याची त्याची योजना होती. हे सॉफ्टवेअर वेळेत काढून टाकण्यात आले. तरीही रशियाच्या सरकारी दूरचित्रवाणी वाहिनीने त्याच रात्री हेच आकडे आयोगाच्या हवाल्याने प्रसारित केले. प्रत्यक्षात यारोश यांना एक टक्क्याहूनही कमी मते मिळाली होती आणि पेत्रो पोरोशेन्को निम्म्याहून अधिक मते घेऊन निवडून आले होते.

युक्रेनमधील मते कागदी मतपत्रिकांवर होती. त्यामुळे खोटा निकाल काही तासच टिकला असता. परंतु तेवढ्या वेळात देशात गोंधळ माजवणे आणि खरा निकाल बनावट आहे असे म्हणण्यास आधार मिळवणे शक्य झाले असते.

इलिनॉय राज्यातील घटना

अमेरिकेतील सर्वांत ठळक घटना इलिनॉय राज्यात घडली. राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर मतदार नोंदणीसाठी ऑनलाइन अर्जाची सोय होती. अर्जातील रकान्यात नाव किंवा क्रमांक लिहिणे अपेक्षित असते. मात्र तेथे लिहिलेला मजकूर नीट तपासला जात नसल्यास त्याच जागी डेटाबेसला उद्देशून आज्ञा लिहिता येते व डेटाबेस ती पाळतो. 'एसक्यूएल इंजेक्शन' या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती जुनी व सर्वज्ञात आहे. जून २०१६ मध्ये हल्लेखोरांनी याच मार्गाने प्रवेश मिळवला. १२ जुलै रोजी सर्व्हरवरील ताण अचानक वाढल्याचे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ बंद करण्यात आले.

किती मतदारांची माहिती चोरीला गेली याविषयी वेगवेगळे आकडे देण्यात आले. राज्य मंडळाने सुमारे ७६,००० मतदारांना पत्रे पाठवली, तर जुलै २०१८ मधील संघीय आरोपपत्रात सुमारे ५,००,००० मतदारांचा उल्लेख आहे. नावे, पत्ते, जन्मतारखा, वाहन परवाना क्रमांक आणि सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे काही अंक असा तपशील त्यात होता. नोंदी पुसल्या किंवा बदलल्या गेल्याचे मात्र आढळले नाही.

मतदार यादी ही मतपेटी नसली तरी तिच्यावरील हल्ला गौण ठरत नाही. काही हजार नावे वगळली किंवा पत्ते बदलले तर मतदानाच्या दिवशी केंद्रांवर रांगा लांबतात, तात्पुरत्या मतपत्रिका द्याव्या लागतात आणि कंटाळून परत जाणारे मतदार वाढतात. विशिष्ट भागांतील याद्या निवडून हे केल्यास एकाही मतदान यंत्राला हात न लावता निवडणुकीवर परिणाम घडवता येतो.

फ्लोरिडा आणि डरहॅम काउंटी

आरोपपत्रानुसार जीआरयूने ऑगस्ट २०१६ मध्ये मतदार पडताळणीचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीच्या संगणकांवर हल्ला केला. नोव्हेंबरमध्ये, मतदानाला काही दिवस उरले असताना, त्या कंपनीच्या नावाने भासणारे शंभराहून अधिक ईमेल फ्लोरिडातील निवडणूक अधिकाऱ्यांना पाठवण्यात आले. त्यांना जोडलेल्या वर्ड दस्तऐवजात घातक सॉफ्टवेअर होते. पुरवठादाराकडून आलेला ईमेल उघडणे हा कार्यालयातील रोजच्या कामाचा भाग असतो आणि हल्ल्याची रचना नेमकी याच सवयीवर बेतलेली होती.

हा प्रकार लोकांसमोर आला तो सरकारी निवेदनातून नव्हे. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी काम करणाऱ्या रिअ‍ॅलिटी विनर या कंत्राटी भाषांतरकार महिलेने याविषयीचा एक गोपनीय अहवाल वृत्तसंस्थेकडे पाठवला व तो जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिला ऑगस्ट २०१८ मध्ये ६३ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

उत्तर कॅरोलिनातील डरहॅम काउंटीचे उदाहरण शंका कशी टिकून राहते हे समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. मतदानाच्या दिवशी तेथील काही केंद्रांवर संगणकीय मतदार यादीत बिघाड झाला; मतदान न केलेल्या काही मतदारांच्या नावापुढे त्यांनी मतदान केल्याची नोंद दिसू लागली. काउंटीने छापील याद्या वापरण्यास सुरुवात केली आणि काही केंद्रांवर मतदानाची वेळ वाढवावी लागली. आरंभी हा साधा तांत्रिक दोष मानला गेला. परंतु वापरात असलेले सॉफ्टवेअर फ्लोरिडातील त्याच कंपनीचे असल्याचे उघड झाल्यावर संशय बळावला. संगणकांची सखोल न्यायवैद्यक तपासणी अंतर्गत सुरक्षा विभागाने २०१९ मध्ये केली आणि त्या वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अहवालात घुसखोरीचा कोणताही पुरावा नसल्याचे म्हटले. निवडणुकीला तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. तपासणी वेळेत झाली असती तर या घटनेची इतकी चर्चा झाली नसती.

मतमोजणीचा प्रश्न

२०१६ च्या निवडणुकीत डॉनल्ड ट्रम्प यांनी मिशिगन राज्य १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांच्या फरकाने जिंकले. ग्रीन पक्षाच्या उमेदवार जिल स्टाइन यांनी या तिन्ही राज्यांत फेरमोजणीची मागणी केली. विस्कॉन्सिनमध्ये सुमारे ३० लाख मतांची फेरमोजणी पूर्ण झाली. ट्रम्प यांची आघाडी १३१ मतांनी वाढली. मिशिगनमधील फेरमोजणी न्यायालयाच्या आदेशांनंतर अर्धवट थांबली. पेनसिल्व्हेनियात संघीय न्यायाधीशांनी मागणी फेटाळली. तेथे ती मान्य झाली असती तरी बहुतांश काउंट्यांमध्ये मोजण्यासाठी मतपत्रिकाच नव्हत्या. यंत्राने पहिल्यांदा सांगितलेला आकडा तेच यंत्र पुन्हा सांगू शकले असते.

यामुळे अधिकृत निष्कर्षांची भाषा नेमकी वाचणे आवश्यक ठरते. अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या पहिल्या खंडात मते बदलली गेल्याचा किंवा मतदान यंत्रांत फेरफार झाल्याचा पुरावा आढळला नसल्याचे नमूद केले. विस्कॉन्सिनमध्ये या निष्कर्षाला कागदी मतपत्रिकांच्या फेरमोजणीचा आधार आहे. कागदविरहित यंत्रे असलेल्या भागांत तो तपासयंत्रणांना मिळालेल्या माहितीवर आणि हल्लेखोरांच्या हालचालींच्या निरीक्षणावर उभा आहे. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात, पण सामान्य मतदाराला स्वतः पडताळता येण्याच्या दृष्टीने ते सारखे नाहीत.

गोपनीयता आणि जनविश्वास

हल्ल्यांची जाहीर वाच्यता करावी किंवा नाही, हा ओबामा प्रशासनापुढील कठीण प्रश्न होता. इशारा दिल्यास निवडणुकीवरील विश्वास आपणच कमी करू आणि एका पक्षाला मदत केल्याचा आरोप होईल, अशी भीती होती. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अंतर्गत सुरक्षा विभाग आणि राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक यांनी संयुक्त निवेदन काढले; त्यात ईमेल चोरीसाठी रशियन सरकारला जबाबदार धरण्यात आले, मात्र राज्यांच्या निवडणूक यंत्रणांची चाचपणी करणाऱ्या कारवायांचा ठपका रशियन सरकारवर ठेवण्याचे टाळले.

राज्यांचा केंद्र सरकारवरील अविश्वास हीदेखील अडचण होती. अंतर्गत सुरक्षा विभागाचे सचिव जे जॉन्सन यांनी निवडणूक यंत्रणेला वीजपुरवठा किंवा बँकव्यवस्थेप्रमाणे 'अत्यावश्यक पायाभूत व्यवस्था' घोषित करण्याची कल्पना ऑगस्ट २०१६ मध्ये मांडली. अनेक राज्यांच्या अधिकाऱ्यांनी त्याकडे आपल्या अधिकारांवरील अतिक्रमण म्हणून पाहिले. घोषणा अखेर ६ जानेवारी २०१७ रोजी, निवडणूक संपल्यानंतर, करण्यात आली. लक्ष्य झालेल्या २१ राज्यांना त्याविषयी अधिकृतपणे २२ सप्टेंबर २०१७ रोजी कळवण्यात आले. पुढे सिनेट समितीने सर्वच ५० राज्यांच्या यंत्रणांची चाचपणी झाली असावी असा निष्कर्ष काढला.

फ्लोरिडात गोपनीयतेने विचित्र वळण घेतले. विशेष अभियोक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात फ्लोरिडातील किमान एका काउंटीच्या जाळ्यात शिरकाव झाल्याचे एफबीआयचे मत नोंदवलेले होते. राज्याचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मे २०१९ मध्ये अशा काउंट्या दोन असल्याचे जाहीर केले. परंतु एफबीआयशी केलेल्या गोपनीयतेच्या करारामुळे त्यांची नावे सांगता येणार नाहीत, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे कोणाच्या काउंटीत घुसखोरी झाली हे रशियन अधिकाऱ्यांना ठाऊक होते, पण तेथील मतदारांना नव्हते. तपासाचे मार्ग उघड होऊ नयेत हे गोपनीयतेचे कारण समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे ज्यांच्या मतांचा प्रश्न होता तेच अंधारात राहिले.

कायदेशीर कारवाई

१३ जुलै २०१८ रोजी जीआरयूच्या १२ अधिकाऱ्यांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले. निवडणूक यंत्रणेवरील हल्ल्यांचा संबंध संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीशी जोडण्यात आला. रशियाने सर्व आरोप नाकारले.

कागदाकडे परतणे

जुलै २०१७ मध्ये लास व्हेगास येथील डेफकॉन परिषदेत विविध मतदान यंत्रे तपासणीसाठी मांडण्यात आली आणि सहभागी तज्ज्ञांनी अल्पावधीत त्यांतील दोष दाखवले. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनिया राज्याने आपल्या उरलेल्या कागदविरहित यंत्रांची मान्यता काढून घेतली, तेव्हा गव्हर्नरपदाची निवडणूक अवघ्या दोन महिन्यांवर होती. काँग्रेसने २०१८ मध्ये ३८ कोटी डॉलर आणि २०१९ च्या अखेरीस आणखी ४२.५ कोटी डॉलर राज्यांसाठी मंजूर केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'सिसा' ही सायबर सुरक्षा संस्था स्थापन झाली. जॉर्जिया राज्यातील जुनी यंत्रे २०१९ नंतर वापरू नयेत असा आदेश संघीय न्यायालयाने दिला. पेनसिल्व्हेनियानेही २०२० पूर्वी कागदी नोंद असलेली यंत्रे बसवली.

केवळ कागद जपून ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. तो कोणीतरी पाहावा लागतो. कोलोरॅडो राज्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्यव्यापी स्वरूपात 'जोखीम मर्यादित ठेवणारी पडताळणी' सुरू केली. संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी मांडलेल्या या पद्धतीत यादृच्छिकपणे निवडलेल्या मतपत्रिका हाताने तपासून यंत्राच्या नोंदीशी ताडल्या जातात. विजयाचा फरक मोठा असेल तर थोड्या मतपत्रिका पुरतात. फरक निसटता असेल तर अधिक, आणि विसंगती आढळत राहिली तर सर्व मोजाव्या लागतात. कोणत्या मतपत्रिका निवडायच्या हे आधी कोणालाही ठाऊक असू नये म्हणून कोलोरॅडोत जाहीर बैठकीत दहा बाजूंचे फासे वीस वेळा टाकले जातात व त्या अंकांवरून निवड ठरते. सुरक्षेच्या चर्चेत हा प्रकार खेळासारखा वाटतो, पण समोर बसलेल्या कोणत्याही नागरिकाला तो समजतो हेच त्याचे बलस्थान आहे.

हाच विचार जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी मांडला होता. मतदान व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय नागरिकाला पडताळता आले पाहिजेत, असे सांगून न्यायालयाने २००५ च्या निवडणुकीतील मतदान संगणकांचा वापर घटनाबाह्य ठरवला. नेदरलँड्सने २००८ पर्यंत मतदान संगणक सोडून दिले होते. मार्च २०१७ च्या निवडणुकीपूर्वी बेरजेच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी समोर आल्यावर गृहमंत्री रोनाल्ड प्लास्टर्क यांनी मोजणी हाताने करण्याचा निर्णय जाहीर केला. एस्टोनियाने मात्र वेगळी वाट धरली. २००५ पासून तेथे इंटरनेटवरून मतदान करता येते आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते याच मार्गाने पडली.

२०२० आणि त्यानंतर

सिसाचे तत्कालीन संचालक क्रिस क्रेब्स यांच्या म्हणण्यानुसार २०२० मध्ये सुमारे ९५ टक्के मतांची कागदी नोंद होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ८२ टक्के होते. त्या वर्षीचा मोठा प्रयत्न इराणकडून झाला. ऑक्टोबरमध्ये काही राज्यांतील मतदारांना अतिउजव्या गटाच्या नावाने धमकीचे ईमेल आले. परदेशातून बनावट मते टाकता येतात असे भासवणारी चित्रफीतही पसरवण्यात आली. त्यासाठी एका राज्याच्या संकेतस्थळावरून एक लाखाहून अधिक मतदारांची माहिती मिळवण्यात आली होती. थोडीशी खरी चोरी आणि तिच्या आधारे मोठ्या घुसखोरीचा आभास, असे या प्रकाराचे स्वरूप होते.

जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजण्यात आल्या. काही काउंट्यांत आधी मोजायच्या राहून गेलेल्या मतपत्रिका या वेळी सापडल्या; जो बायडन यांचा विजय कायम राहिला. पूर्वीच्या यंत्रांवर अशी मोजणी होऊच शकली नसती. नव्या यंत्रांवरही आक्षेप होते, कारण मोजणी यंत्र मतपत्रिकेवरील क्यूआर कोड वाचते आणि तो मतदाराला वाचता येत नाही. हातमोजणीत कागदावरील नावे पाहण्यात आल्याने तेवढ्यापुरता हा प्रश्न बाजूला पडला. परंतु पुरावा उपलब्ध असणे आणि तो मान्य होणे या वेगळ्या गोष्टी असल्याचे त्याच हिवाळ्यात दिसले. निवडणूक सुरक्षित झाल्याचे सांगणाऱ्या क्रेब्स यांना १७ नोव्हेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पदावरून दूर केले आणि ६ जानेवारी २०२१ रोजी निकाल न मानणाऱ्या जमावाने संसद भवनावर हल्ला केला. या वेळी निवडणूक चोरली गेल्याचा दावा परदेशातून नव्हे, तर देशातूनच पसरला होता.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत परकीय हस्तक्षेपाने अधिक सोपे रूप घेतले. पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीत टपाली मतपत्रिका फाडल्या जात असल्याचे दाखवणारी चित्रफीत बनावट असून ती रशियन गटांनी तयार केल्याचे संघीय यंत्रणांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. २०१६ मध्ये अशा माहितीला महिने व वर्षे लागली होती. मतदानाच्या दिवशी अनेक राज्यांतील केंद्रांना बाँबच्या धमक्यांचे ईमेल आले. त्यांतील बरेच रशियन डोमेनवरून आल्याचे एफबीआयने सांगितले. जॉर्जियातील काही केंद्रे थोड्या वेळासाठी रिकामी करण्यात आली व तेथे मतदानाची वेळ वाढवण्यात आली.

स्थानिक निवडणूक कार्यालयांना सायबर धोक्यांची माहिती पुरवण्यासाठी २०१८ मध्ये उभारलेल्या देशव्यापी केंद्राचा संघीय निधी २०२५ च्या सुरुवातीला बंद करण्यात आला.